इंजिन सोसते, माणूस भाजतो

मार्च सरत आला आणि दुपारचा पारा चाळिशीकडे निघाला की औरंगपुऱ्यातल्या दुचाकीवाल्यांच्या बोलण्यात एक चिंता हटकून डोकावते. महात्मा फुले चौकात, पुस्तकांच्या दुकानांपुढे किंवा भाजीमंडईच्या तोंडाशी दोन ओळखीचे भेटतात. हवापाण्याचे बोलणे संपते आणि एकजण विचारतो, ‘‘गाडी फार तापते हो हल्ली. इंजिनाला काही होणार नाही ना?’’ मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतो, दर वीस किलोमीटरला थांबत चला. कोणी म्हणतो, जाड तेल टाका. कोणी तर छातीठोकपणे सांगतो की उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरावी, नाही तर स्फोट होतो. या शेवटच्या अफवेचा इंडियन ऑइलने जाहीर खुलासा केला होता. कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरण्यात कुठल्याही ऋतूत धोका नाही. पण अफवेचे आयुष्य खुलाशापेक्षा मोठे असते. दर उन्हाळ्यात ती नव्याने फोनाफोनी फिरते.

प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यांतल्या बहुसंख्य गाड्यांत इंजिन थंड ठेवायला पाण्याची व्यवस्था नसते. जी काही मदत मिळते ती वाऱ्याची आणि आतल्या लिटरभर तेलाची. शेतकऱ्याचे दूध, शिक्षकाची शाळा, कामगाराची पाळी आणि लेकीची शिकवणी या वाऱ्यावर चालते. तेव्हा मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत ही व्यवस्था टिकते का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. माझे म्हणणे एवढेच की आपण प्रश्न बरोबर विचारतो, पण तो विचारताना बोट चुकीच्या जागी ठेवतो.

भीतीचे मूळ

आधी ही भीती आली कुठून ते पाहू. आपल्या शहराचे दुचाकीशी नाते नुसते गिऱ्हाइकाचे नाही. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याने केबी-१०० बाजारात आली. लेण्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचे, हिमरू शालींचे आणि सायकलींचे हे गाव बघता बघता सुट्या भागांचे, जोडधंद्यांचे आणि तीन पाळ्यांचे शहर झाले. मी तेव्हा बँकेत होतो. नोकरीची काही वर्षे वाळूजच्या वाटेवरच्या एका शाखेत गेली. कारखान्यात गाडी जोडणारा मुलगा दोन-तीन वर्षांनी तीच गाडी स्वतःसाठी घ्यायला कर्जाचा अर्ज घेऊन यायचा. त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान कुठल्याही तारणापेक्षा मोलाचा असे.

त्या काळातल्या गाड्या बहुतेक टू-स्ट्रोक. अशा इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, म्हणजे उष्णता तयार होण्याचा वेग मोठा. वंगणासाठी वेगळे तेल साठवलेले नसे. पेट्रोलमध्ये मिसळून दिलेले तेल जळता जळता जेवढे काम करील तेवढेच. पंपावरच्या पोऱ्याने तेलात हात आखडता घेतला की घाटात पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. शिवाय चेतकसारख्या स्कूटरचे इंजिन पत्र्याच्या पोटात दडलेले. समोरचा वारा त्याला लागतच नाही. मूळच्या व्हेस्पाचा आराखडा १९४६ मध्ये कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने केला होता. त्याने फ्लायव्हीललाच पंख्याची पाती दिली आणि तो वारा पत्र्याच्या आवरणातून थेट सिलिंडरवर सोडला. चेतकनेही तीच रीत उचलली. इंजिन स्वतःच स्वतःला वारा घालते, अशी ही युक्ती. म्हणून स्कूटर जागच्या जागी उभी असली तरी तिला थोडा तरी गारवा मिळत राही. मोटारसायकलचे तसे नाही. तिचा सिलिंडर उघडा, आणि तिला वारा मिळतो तो धावण्यातून.

ज्यांचे बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकांत गेले त्यांना दौलताबादचा घाट आठवत असेल. पुढे उभे राहिलेले एक मूल, मागे आई, आईच्या मांडीवर दुसरे, पायाशी डब्याची पिशवी, असा सगळा संसार एका स्कूटरवर घेऊन वेरूळला किंवा खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघायचे. घाट अर्धा चढला की वडील गाडी झाडाखाली लावणार, हाताचा पंजा इंजिनाजवळ नेऊन अंदाज घेणार आणि म्हणणार, ‘‘थांबा दहा मिनिटं, गाडीला दम खाऊ द्या.’’ ते थांबणे त्या काळी शहाणपणाचे होते. चौघांचे वजन, सततचा चढ, पहिला-दुसरा गिअर आणि मिसळीच्या तेलाचा भरवसा नाही, अशा वेळी दट्ट्या खरोखरच अडकत असे.

पुढे गाड्या बदलल्या. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी-१०० ने फोर-स्ट्रोक मोटारसायकल घराघरांत नेली. बजाजची फोर-एस चँपियन १९९१ मध्ये आली आणि १९९८ मध्ये कॅलिबर तर आपल्या वाळूजमधूनच बाहेर पडली. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, तेल वेगळे आणि ते पंपाने फिरवलेले. गाडी बदलली तरी वडिलांनी शिकवलेली भीती मात्र मुलाने तशीच पुढे चालवली. आज आपण बोलतो ती बरीचशी टू-स्ट्रोकच्या जमान्याची वारसाहक्काने आलेली भीती आहे.

जमाखर्च उष्णतेचा

बँकेतल्या माणसाला कुठलीही गोष्ट जमाखर्चात मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून तसे मांडतो. इंजिनात शंभर रुपयांचे पेट्रोल जाळले तर त्यातले साधारण पंचवीस ते तीस रुपयेच कामी येतात. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातात. उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून, तेलातून आणि बाहेरच्या पंखांतून हवेला द्यावी लागते. सिलिंडरभोवती पोळ्यांच्या चवडीसारख्या दिसणाऱ्या त्या पातळ कडा शोभेच्या नाहीत. हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ वाढवण्यासाठी त्या असतात. परातीत पसरलेला भात पातेल्यातल्या भातापेक्षा लवकर निवतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्या कडांमागचे शास्त्र तेच.

आतल्या जळत्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जाते. दट्ट्या ज्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ते अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही तो वितळत नाही, कारण स्फोटाचा क्षण फार छोटा असतो आणि धातू, तेल व हवा मिळून ती उष्णता सतत बाहेर काढत असतात. चालत्या इंजिनाच्या माथ्याचे तापमान दीडशे ते दोनशे अंशांच्या घरात असणे हे त्याचे आजारपण नव्हे. तीच त्याची प्रकृती. थंड इंजिन उलट जास्त झिजते आणि पेट्रोलही जास्त पिते.

आता खरा हिशेब. समजा डिसेंबरच्या सकाळी हवा २२ अंश आहे आणि इंजिनाचा माथा १८० अंशांवर. दोहोंत फरक १५८ अंशांचा. उष्णता किती वेगाने निघून जाईल हे या फरकावर ठरते. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर गेली तर फरक १३८ चा उरतो. म्हणजे ज्या वीस अंशांनी आपला जीव कासावीस होतो, त्यांनी इंजिनाची थंड होण्याची ताकद जेमतेम आठव्या हिश्श्याने कमी होते. ढोबळमानाने इंजिन पूर्वीपेक्षा वीस अंशांनी जास्त तापून स्थिरावेल. तेवढी सोय करूनच त्याची घडण झालेली असते.

याच्या तुलनेत वेगाचा परिणाम पाहा. गाडी ताशी ४० किलोमीटरवरून १० वर आली तर वाऱ्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद निम्म्याच्याही खाली येऊ शकते. म्हणजे ऋतू बदलल्याने होत नाही तेवढा फरक मकाई दरवाजापाशी अडकल्याने होतो. आपल्या शहराला दरवाजांचे वैभव लाभले आहे, आणि मकाई, महमूद व बारापुल्ला दरवाजांच्या चिंचोळ्या वाटांनी ते वैभव किती वर्षे वाहतुकीला गोफणीसारखे आवळून धरले, हे जुन्या शहरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा कोंडीत पहिल्या गिअरवर अर्धा क्लच दाबून, दोन माणसे घेऊन, इंचाइंचाने सरकणारी गाडी रिकाम्या महामार्गावर भर उन्हात पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा अधिक हाल सोसते. नुसते उभे राहून मंद चालणारे इंजिन उष्णताही थोडीच तयार करते. त्रास होतो तो सरकण्याचा. आणि सिग्नल अर्ध्या मिनिटाहून लांबणार असेल तर इंजिन बंद करणे पेट्रोलच्या आणि इंजिनाच्याही हिताचे.

जुन्या शहरातले एक उस्ताद मेकॅनिक माझ्या ओळखीचे आहेत. गाडी तापते अशी तक्रार घेऊन कोणी आले की ते इंजिनाकडे पाहतही नाहीत. आधी विचारतात, ‘‘साहेब, तेल कधी बदललं?’’ समोरचा आठवू लागतो. उस्ताद म्हणतात, ‘‘आठवावं लागतंय, म्हणजे बदलायला झालं.’’ मोटारसायकलच्या इंजिनात तेल असते जेमतेम लिटरभर. तेच इंजिनाला वंगण देते, तेच गिअर आणि क्लच सांभाळते, तेच घाण वाहून नेते आणि तेच आतली उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत आणते. चार नोकऱ्या करणारा हा एकटा जीव दमला की उन्हाळा असो वा हिवाळा, इंजिन झिजणारच. दुसरे कारण चिखलाचे. शेतवाटेने फिरणाऱ्या गाडीच्या पंखांत काळी माती बसते आणि वाळून घट्ट होते. पावसाळ्यात बसलेली ती माती उन्हाळ्यापर्यंत तशीच असते. आपणच इंजिनाला गोधडी पांघरायची आणि मग ते तापते म्हणून रडायचे. तिसरे कारण हौसेचे. थंडीत लेग-गार्डला बांधलेले रेक्झिन काहीजण उन्हाळ्यातही काढत नाहीत, आणि समोरून येणारा वारा तिथेच अडतो.

तेव्हा हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलला इंजिनाच्या उष्णतेने फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर असे: पडतो, पण उन्हाने थोडा, कोंडीने, जुन्या तेलाने आणि मातीने पुष्कळ. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे हा तर सर्वांत वाईट उपाय. गरम तव्यावर पाणी टाकल्यावर तो कसा चरचरतो आणि वाकतो, ते स्वयंपाकघरात विचारावे.

पाणी, इथेनॉल आणि बॅटरी

मग पाण्याने थंड होणारी गाडी घ्यावी का, असे तरुण मुले विचारतात. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली आणि सर्वसामान्यांच्या आवाक्यात रेडिएटरवाली मोटारसायकल आली. २०१२ मध्ये चाकणहून केटीएमची २०० ड्यूक निघाली. लहानशा इंजिनातून भरपूर ताकद काढायची तर अशी व्यवस्था लागतेच. पाण्याने गारवा देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पाणचक्कीच्या हौदाखालचे दालन वरच्या पाण्यामुळे उन्हाळ्यात थंड राहते, हे आपण लहानपणी पाहिलेले आहे. ज्या शहराने वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची आठवडा-आठवडा वाट पाहिली, त्या शहरात पाण्यावरची गाडी ही थट्टा वाटेल. पण ते पाणी बंदिस्त असते, रोज भरावे लागत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त तिची वाट बदलते. सिग्नलला थांबल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि तो गरम झोत चालवणाऱ्याच्या नडग्यांवर येतो. इंजिन सुखावले, पाय भाजले. शंभर-सव्वाशे सीसीच्या कामाच्या गाडीला हा खर्च आणि ही गुंतागुंत लागत नाही, म्हणूनच ती अजून वाऱ्यावरच चालते.

दुसरी चर्चा इंधनाची. २०२५ मध्ये पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आणि जुन्या गाड्यांचे काय, यावरून देशभर वाद झाला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दुचाकींच्या मायलेजमध्ये तीन ते चार टक्के घट गृहीत धरली होती. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत या इंधनाने मिश्रण थोडे विरळ होते आणि विरळ मिश्रण जास्त तापते, हे खरे. पण इथेनॉल वाफ होताना स्वतः बरीच उष्णता शोषतो, हेही खरे. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने रबरी नळ्या आणि वॉशर यांच्यावर लक्ष ठेवावे, उष्णतेने हवालदिल होऊ नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. या गाड्यांत इंजिनाचे तापमान मोजणारा संवेदक असतो आणि त्याप्रमाणे पेट्रोलचे प्रमाण ठरते. एका परीने गाडीला आता स्वतःचा ताप मोजता येतो.

तिसरी चर्चा विजेच्या गाडीची. तिला इंजिन नाही, मग उष्णतेची कटकट नाही, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १८० अंशांवर काम करणाऱ्या इंजिनाला ४२ अंशांची हवा गारच वाटते. पण लिथियमच्या बॅटरीला पंधरा ते पस्तीस अंशांची हवा मानवते. ती पंचेचाळिशीच्या वर गेली की चार्जिंग मंदावते किंवा थांबते, आणि सतत तापत राहिली तर तिचे आयुष्य घटते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी, पुण्यातही, विजेच्या स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. आपल्या बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत विजेच्या दुचाकींचा कारखाना उभारण्याची घोषणा २०२४ मध्ये एथर एनर्जीने केली. वाळूजने पेट्रोलची गाडी घडवली, बिडकीन विजेची घडवू पाहते आहे. मराठवाड्याचा उन्हाळा दोघांच्याही पाचवीला पुजलेला.

सदतीस अंशांचे इंजिन

इथपर्यंतच्या हिशेबातून एक नियम हाती लागतो. ज्याचे स्वतःचे तापमान हवेच्या जितके जवळ, त्याला ऊन तितके जास्त लागते. इंजिन १८० अंशांचे, म्हणून ते उन्हाला जुमानत नाही. बॅटरी तीस-चाळीस अंशांची, तिला ऊन जाणवते. आणि गाडीवर बसलेला माणूस सदतीस अंशांचा. त्वचा तर त्याहूनही एखाद-दोन अंश खाली. हवा ४२ अंशांवर गेली की इंजिनाचा १३८ अंशांचा फरक शाबूत असतो, माणसाचा मात्र उलटा होतो. गाडी जितकी जोरात पळवावी तितका इंजिनाला गारवा मिळतो, आणि तोच वारा माणसाला तापवतो. एकाच गाडीवर दोन इंजिने, आणि एकाच वाऱ्याचा दोघांवर उलटा परिणाम!

माणसाजवळ पंख नाहीत, रेडिएटर नाही. त्याच्याजवळ आहे घाम. एक लिटर घाम सुकताना शरीरातून जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. ही व्यवस्था अप्रतिम आहे, फक्त तिला पाणी लागते. आपली हवा कोरडी, त्यामुळे गाडीवर घाम दिसायच्या आतच सुकतो. मुंबईत माणूस भिजतो म्हणून त्याला कळते. इथे तो कोरडाच राहतो आणि म्हणून त्याला कळत नाही की अंगातले पाणी चालले आहे. डोके ठणकते, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, ब्रेकवरचा हात उशिरा वळतो. अपघाताच्या पंचनाम्यात चालकाचा वेग लिहिला जातो, त्याच्या अंगातल्या पाण्याचा रकाना नसतो.

शिवाय हवामान खात्याचे ४२ अंश मोजले जातात ते चिकलठाण्याच्या वेधशाळेतल्या लाकडी पेटीत, सावलीत. क्रांती चौकातल्या डांबरावर, ट्रकच्या धुराशेजारी, पायाशी तापलेले इंजिन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे ऊन कोणी मोजत नाही. खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात पारा किमान चाळिशीवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला किंवा थेट पंचेचाळिशीला भिडला, तरच ती उष्णतेची लाट. आपल्याकडचे मे महिन्यातले ४२ अंश या व्याख्येत बसतीलच असे नाही. पण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात पारा चाळिशीच्या आत असताना उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. शरीर सरकारी व्याख्येची वाट पाहत नाही.

बँकेत दुचाकीचे कर्ज देताना आम्ही गाडीचा घसारा धरायचो. पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, चार वर्षांनी गाडी विकली तर काय येईल, सगळे कागदावर असे. चालवणाऱ्याच्या घसाऱ्याचा रकाना कुठल्याही अर्जात नव्हता. तेव्हा त्याचे फारसे अडत नसे, कारण बहुतेक माणसे गाडीवर सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास असत. दूधवाला, पेपरवालाही ऊन चढायच्या आत घरी परते. आज दिवसभर गाडीवर राहूनच पोट भरणारा एक नवा वर्ग तयार झाला आहे. खाद्यपदार्थ, औषधे, किराणा घरपोच देणारी ही मुले. अशा फुटकळ कामांवर जगणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख असल्याचा नीती आयोगाचा अंदाज होता आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे आयोगाने म्हटले आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्यात नाव दिले. पण भर दुपारी बारा ते चार, जेव्हा आपण पंख्याखाली पडून काहीतरी मागवतो, तेव्हाच त्यांच्या कामाची गर्दी असते. गाडी जाम झाली तर हप्ता चुकतो, हे त्या मुलाला पक्के माहीत आहे. म्हणून तो तेल वेळेवर बदलतो. स्वतःसाठी थांबला तर खाडा पडतो, म्हणून थांबत नाही.

करता येण्याजोगे

यावर उपाय अवघड नाहीत. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण उन्हाळ्यानंतर धडा घेतला आणि २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा शहराचा आराखडाच तयार केला. पुदुच्चेरीत २०२४ च्या मे महिन्यात सिग्नलवर थांबणाऱ्या दुचाकीस्वारांवर हिरव्या जाळीचे छत घातले गेले. नागपुरात दुपारच्या वेळी काही सिग्नल बंद ठेवण्याचा मार्ग अवलंबला गेला. जालना रस्त्यावरच्या मोठ्या चौकांत जाळी आणि दुपारी लाल दिव्याचा वेळ कमी, एवढे महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी मिळून केले तरी इंजिन आणि माणूस दोघांचाही ताप उतरेल. कोंडी हीच इंजिनाची शत्रू आणि उन्हात थांबणे हाच माणसाचा, हे वर पाहिलेच. दोघांचे औषध एकच आहे. घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी भर दुपारी उशिराबद्दल पैसे कापू नयेत. आणि पूर्वी चौकाचौकांत, पेठांत, देवळांपुढे असलेल्या पाणपोया पेट्रोल पंपांवर पुन्हा दिसाव्यात. ओले फडके गुंडाळलेला रांजण हेही हवेवर थंड होणारे यंत्रच आहे, आणि त्याला दुरुस्ती लागत नाही.

घरच्यांनी करायचे ते आणखी सोपे. मार्च संपण्याआधी तेल बदलून घ्या, सिलिंडरच्या पंखांतली माती काढा आणि इंजिनाची काळजी सोडून द्या. लहान मुलांना गाडीवरून उतरताना सायलेन्सरच्या उलट बाजूने उतरायला शिकवा. पोटरीवरचा तो गोल डाग आपल्याकडे इतक्या जणांच्या अंगावर आहे की तो जन्मखूण वाटावा. डोके आणि मान पांढऱ्या रुमालाने किंवा उपरण्याने झाका. गरम वारा अंगावर थेट न येऊ देणे ही शेतकऱ्याची जुनी समजूत शास्त्रालाही मान्य आहे. खिशात कांदा ठेवायचा तर जरूर ठेवा, पण डिकीत पाण्याची बाटली असू द्या. निघण्यापूर्वी प्या, तहान लागेपर्यंत थांबू नका.

आणि भर दुपारी कोणी तुमच्या दारात पार्सल घेऊन उभा राहिला, तर त्याला फोनवरचा क्रमांक विचारण्याआधी पाणी विचारा. उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करण्याची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. त्याची गाडी खाली सावलीत पाच मिनिटे उभी राहिली, तर तिला कुणाची हरकत नाही.